डोक्याखाली पेपर नको

अक्का गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मलाच सगळ्यांना द्यावी लागली, कारण त्या गेल्या तेव्हा घरात फक्त मी होते. थंडी नुकतीच सरत होती. दुपारची जेवणं झाली, अक्कांनी स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवलं, आजच्या भरताला वांगी चांगली मिळाली म्हणाल्या, आणि रोजच्यासारख्या मागच्या खोलीत जाऊन फरशीवर आडव्या झाल्या. चटई नाही, उशी नाही. मी ओटा आवरला, डाळींचे डबे पुसले आणि निखिलच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या, लग्नाच्या खरेदीची यादी घेऊन बसले. उन्हं कलल्यावर चहा ठेवला आणि हाक मारली. ओ आली नाही म्हणून दारापर्यंत गेले. अक्का उताण्या, पाय जुळवलेले, दोन्ही हात पोटावर, डोळे मिटलेले... मी पुढे गेले नाही. दारातच उभी राहिले. कारण हे मी आधी पाहिलं होतं. नेमकं असंच, फरशीच्या वखारीत, भर दिवसा, चार माणसांसमोर. त्या वेळी थोडं थांबल्यावर त्या उठून बसल्या होत्या. म्हणून मी थांबले. स्वयंपाकघरातून चहा जळल्याचा वास आला तेव्हा मी पुढे होऊन त्यांच्या हाताला हात लावला.

अक्का माझ्या मोठ्या नणंद, प्रकाश यांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला. माहेरी परतल्या, डी.एड. केलं आणि साक्री तालुक्यात प्राथमिक शिक्षिका झाल्या. त्यानंतरचं सगळं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत. पिंपळनेर, त्याच्या आसपासची खेडी, शेवटी धुळ्यात देवपुरातली एक खोली. बदल्या इतक्या झाल्या की गावांची नावं त्या मागेपुढे करायच्या, पण फरश्या त्यांच्या पक्क्या लक्षात होत्या. ‘कोब्याची खोली होती ना, त्या वर्षी पक्याचं लग्न ठरलं.’ ‘शेणाची जमीन होती तेव्हा विंचू निघाला.’ ‘मोझॅकवाली बाई फार खवट होती.’ आपण लोक साल सांगतो, अक्का जमीन सांगायच्या. मला सुरुवातीला याची गंमत वाटायची. नंतर लक्षात आलं की खानदेशातल्या उन्हाळ्यात एकट्या बाईने दुपार काढायची तर जमिनीशिवाय तिला दुसरं असतं काय... पंखा वरचा तापलेला वाराच खाली ढकलतो. भिंती तापतात, खाट तापते, गादीला तर हात लावायला नको. पाठ टेकायला जमीन तेवढी उरते.

आणि या जमिनीवरूनच घरमालकांशी त्यांचं वाकडं यायचं. अक्कांचे केस दाट होते आणि त्या तेल भरपूर लावत. माका आणि ब्राह्मी घालून स्वतः उकळलेलं, गडद हिरवं तेल. दुपारी जमिनीवर डोकं टेकलं की डाग. मोझॅकच्या खोलीतल्या मालकिणीने खोली सोडताना त्यांना तो डाग उकिडवं बसून घासायला लावला होता, आणि सामान नेणारा रिक्षावाला दारात उभा राहून बघत होता. तेव्हापासून त्या डोक्याखाली वर्तमानपत्र अंथरायला लागल्या. मग तेलाने शाई सुटायची आणि मानेवर उमटायची. दुपारच्या शाळेत फळ्याकडे तोंड केलं की मागून पोरं हसायची. एकदा एकजण म्हणाला, बाई, तुमच्या मानेवर क्रिकेट आहे. अक्कांनी त्याला जवळ बोलावलं आणि आरसा नसल्यामुळे स्कोअर काय आहे ते वाचून दाखव म्हणाल्या. त्याला उलटी अक्षरं वाचता आली नाहीत, म्हणून वर्गभर टर उडाली ती त्याचीच. हा किस्सा त्या दर दिवाळीला सांगत आणि दर वेळी स्वतःच आधी हसत.

आम्ही जळगावला घर बांधायला काढलं तेव्हा निखिल शाळेत होता. गावाबाहेरचा प्लॉट, पूर्वीचं कपाशीचं वावर, काळी माती. पाया खोल न्यावा लागणार, मुरूम भरावा लागणार हे आधीच कळलं होतं. मी तेव्हा कॉलेजच्या भांडार विभागात नोकरीला होते. वस्तू मागवणं, तपासणं, नोंदवणं हेच माझं काम. त्यामुळे घराचं साहित्य निवडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. प्रत्येक वस्तूसाठी तीन ठिकाणी चौकशी, प्रत्येकाचे गुण-दोष, कुणी वापरलंय त्याच्या घरी जाऊन बघणं, मग निर्णय, मग टिकमार्क. विटा कुठल्या भट्टीच्या, वाळू गिरणा नदीची मिळेल का, खिडक्या लोखंडी की अॅल्युमिनियमच्या, गच्चीवर उन्हासाठी चिनी मातीचे पांढरे तुकडे बसवायचे की नुसता चुना मारायचा... माझी रीत ही अशी.

अक्का तोवर निवृत्त झाल्या होत्या. शनिवारी सकाळच्या बसने धुळ्याहून यायच्या आणि माझ्याबरोबर दुकानं फिरायच्या. त्यांना भाव विचारायचा नसायचा, टिकाऊपणाही नाही. त्या वस्तू अंगाला लावून बघायच्या. लाकडाच्या दुकानात दाराच्या नमुन्याला गाल लावला. खिडकीच्या कट्ट्याचा दगड आडवा ठेवायला लावून त्याच्यावर बसून पाहिलं, पाय लोंबकळतात का ते बघायला. नळाच्या तोट्या डोळे मिटून उघडायच्या, बंद करायच्या. का, तर म्हातारपणी दिसेनासं झालं तर. दुकानदार माझ्याकडे बघायचे, मी यादीकडे बघायचे. घरी आल्यावर प्रकाश विचारायचे, काय ठरलं, तर मी सांगायचे की माझ्या मते हे आणि तुमच्या बहिणीच्या गालाच्या मते ते.

फरशीच्या वखारीत गेलो तो दिवस चैत्रातला होता. आमचं तसं ठरलेलं होतं. सगळ्या घराला पांढरट, चकचकीत टाइल्स. त्या वेळी सगळेच त्या बसवत होते आणि पुसायला सोप्या हे मला पटलेलं होतं. अक्कांनी त्यांच्यावरून चप्पल काढून चालून पाहिलं. मग मागच्या बाजूला गेल्या. तिथे पत्र्याच्या शेडखाली शहाबादीच्या लाद्या होत्या, काही उभ्या रचलेल्या, काही मोजणीसाठी जमिनीवर आडव्या टाकलेल्या. करड्या, खरखरीत, पॉलिश न केलेल्या. अक्कांनी पदर खोचला आणि बाजारात भाजी बघावी इतक्या सहज त्या लाद्यांवर उताण्या झोपल्या. पाय जुळवले, हात पोटावर घेतले, डोळे मिटले. काम करणारी माणसं थांबली. वखारीचा मालक धावत आला. दुकानात एवढ्या सरळ निजलेल्या बाईकडे बघून त्याचा चेहरा उतरला होता. ‘अक्का, उठा हो,’ तो म्हणाला, ‘असं नका निजू. नुकतीच पूजा झालीये दुकानाची.’

अक्का डोळे न उघडता म्हणाल्या, ‘थांब रे भाऊ. पाठ काय म्हनस ते आयकू दे.’

मग सगळेच थांबले. मीही. शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं आणि त्या इतक्या निश्चल पडल्या होत्या की मालक माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, ताई, एकदा हलवून बघा ना... तेवढ्यात त्या उठून बसल्या, साडी झटकली आणि पाठ हो म्हणते असं जाहीर केलं.

घरी आल्यावर वाद झाला. कंत्राटदार म्हणाला, शहाबादी आता लोक गोठ्यात घालतात नाहीतर जिन्यात. प्रकाश म्हणाले, अक्का, तू काय इथे कायमची राहणार आहेस का? ते थट्टेतच बोलले होते, पण बोलून गेल्यावर त्यांनी कंत्राटदाराचा नकाशा पुढ्यात ओढला. अक्का शेंगा सोलत होत्या. शहरात, कचेरीत, शाळेत त्या आपल्यासारखंच मराठी बोलत, पण मनातलं काही असलं की अहिराणीवर येत. मान वर न करता मला म्हणाल्या, ‘घर तुन्हं शे सुषमा, बठ्ठं तू ठरव. मन्हं एकच. एक खोली अशी ठेव, जठे माले डोकाखाले पेपर टाकना पडाव नही.’

डोक्याखाली पेपर घालावा लागू नये अशी एकच खोली... मी यादीत मागच्या खोलीपुढे शहाबादी लिहिलं. त्याच्यापुढे गुण-दोष लिहिले नाहीत.

वास्तुशांतीच्या दिवशी पाहुणे जेवून उठले आणि अक्का दिसेनात. मागच्या खोलीत झोपल्या होत्या, नुकत्याच न्हालेल्या, तेल लावलेल्या केसांनी, थेट लादीवर. डाग पहिल्याच दुपारी पडला. नंतर त्या महिन्या-दोन महिन्यांनी येत, उन्हाळा तर पूर्ण आमच्याकडे, आणि नेहमी त्याच जागी निजत, खिडकीकडे डोकं करून. शहाबादी दगड तेल पितो. हळूहळू तिथे ताटाएवढा गडद गोल झाला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या शीलाने सोडा टाकून बघितला, लिंबू घासून बघितलं. अक्का शेजारी बसून सूचना द्यायच्या, अजून जोर लाव गं, माझं डोकं आहे ते, इतक्यात नाही निघायचं. शीलाने नाद सोडला. शेवटची दोन वर्षं धुळ्याची खोली सोडून त्या आमच्याकडेच होत्या. इथलं कपाट लावून झाल्यावर त्यांनी सोबत आणलेला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा स्वतः उचलून रद्दीवाल्याला दिला.

त्या गेल्या त्या रात्री प्रकाश आणि बाकीची माणसं स्मशानातून परतली, तोवर भडगावच्या काकू आल्या होत्या. प्रकाशच्या काकू, घरातल्या आता सगळ्यांत मोठ्या. असल्या वेळी काय करायचं ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी मागची खोली झाडून घ्यायला लावली आणि अक्कांनी प्राण सोडला त्या जागी गव्हाचं पीठ चाळणीने पातळ पसरलं. वर बांबूची टोपली उपडी घातली, बाजूला दिवा लावला. आमच्याकडे ही रीत आहे. सकाळी टोपली उचलतात आणि पिठात काय उमटलंय ते बघतात. पाखराचं पाऊल असेल, मुंगीची ओळ असेल, गाईचा खूर असेल. गेलेला जीव कशात गेला ते त्यावरून सांगतात. माझा यावर विश्वास नाही. पण पीठ कुठे ठेवलंय हे विचारल्यावर मी डबा काढून दिला. त्या रात्री मला हातात काहीतरी काम हवं होतं.

सकाळी काकूंनी टोपली उचलली. आम्ही सगळ्या बायका भोवती वाकलो. पिठात पाऊल नव्हतं. पिठात एक गोल होता, ताटाएवढा, बाकी पांढऱ्या पिठात तेवढाच पिवळट, ओलसर. काकू आणखी वाकल्या. त्यांनी इतक्या टोपल्या उचलल्या असतील, असं काही पाहिलं नव्हतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, चंद्र आहे. दुसरी कुणी म्हणाली, भाकरी असेल, उपाशी गेल्या का? मी सांगितलं की भरीत-भाकरी जेवून गेल्या. मग काकूंनी चष्मा पुसून परत पाहिलं आणि निवाडा दिला, ‘चाक शे हाई.’ क्षणभर थांबून स्वतःशीच म्हणाल्या, ‘तठेबी बदलीच व्हयनी म्हना.’ तिथेही बदलीच झाली म्हणायची... बायका रडता रडता हसल्या. मीही हसले.

प्रकाश दारात उभे होते. त्यांनी पिठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो गोल कसला ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. काकूंचं चाक आम्ही चाकच राहू दिलं. काकूंनी पीठ निगुतीने गोळा केलं, पुरचुंडी बांधली आणि अस्थींबरोबर ते तापीत गेलं. मी ओल्या फडक्याने लादी पुसून घेतली आणि मग फडकं हातात धरून तशीच बसले. डाग नव्हता. सोड्याने, लिंबाने, शीलाच्या मनगटाने जे निघालं नव्हतं ते कोरड्या पिठाने एका रात्रीत उचलून नेलं होतं. लादी शेजारच्या लाद्यांसारखी, करडी, स्वच्छ. अक्का कुठे गेल्या ते बघायला आम्ही पीठ टाकलं आणि त्या इथे होत्या याची खूण त्याच पिठाबरोबर नदीत सोडून आलो.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. कामं मी सगळी केली. बँक, पेन्शनचं कार्यालय, कपाट, कपडे वाटणं. पण दुपारची जेवणं झाली की घर विचित्र शांत व्हायचं. अक्का जिवंत असतानाही ते शांतच असायचं, त्या काही घोरत नसत. तरी ही शांतता निराळी होती, कुणीतरी ऐकत पडलेलं असावं तशी. मी दुपारचा चहा लवकर ठेवायला लागले. मागच्या खोलीत इस्त्रीचे कपडे असतात, ते आणायला गेले की भिंतीच्या कडेने जायचे. पुढे पाहिलं तर प्रकाशही कडेनेच जात होते. शीला तर फरशी पुसताना तेवढी जागा सोडून द्यायची. मी विचारलं तर म्हणाली, पुसते की. पण ओल्या फरशीवर कोरडा तुकडा मला दिसत होता. खूण काही नसताना तिघांनाही नेमकी तीच लादी ओळखू येत होती.

निखिलचा पुण्याहून फोन आला. दिवाळीनंतर लग्न, तेव्हा मागची खोली त्यांच्यासाठी तयार करावी, त्या जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स चिकटवून मिळतात, तोडफोड नाही, धूळ नाही, दोन-तीन दिवसांचं काम. अडखळत म्हणाला, ‘आत्याला वाईट नसतं वाटलं ना गं?’ मी म्हटलं, नसतं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्या खोलीचं काय करायचं हा प्रश्न मी रोज पुढे ढकलत होते आणि मला ती सवय नाही. एकदा वरून चकचकीत टाइल बसली की कुठली लादी कुठे होती हेच कळणार नाही. मग कुणी भिंतीच्या कडेने जाणार नाही. मी टाइल्सवाल्याचा नंबर मिळवला.

तो आला तेव्हा वैशाख लागला होता. जळगावचा वैशाख काय असतो ते मी जळगावकरांना सांगायला नको. गच्चीवरचे चिनी तुकडेसुद्धा हात ठेवू देत नव्हते. नमुन्यांची पेटी घेऊन तो माझ्यामागून खोलीत शिरला, मी पडदा बाजूला केला आणि तो म्हणाला, इथे तेल सांडलंय का ताई?

खिडकीजवळ, त्याच जागी, गोल परत आला होता.

पिठाने वरवरचं तेल ओढलं असणार. वर्षानुवर्षं आत मुरलेलं होतं ते उन्हाळ्यात पातळ होऊन वर आलं. हे मला तिथल्या तिथे समजलं, समजायला काही अवघड नाही. तरी पडदा माझ्या हातातच राहिला. टाइल्सवाला उकिडवा बसून अंगठ्याने तो डाग चोळत होता. म्हणाला, टाइल चिकटवायचा मसाला तेलावर धरत नाही, वर्षभरात टाइल सुटून हाताला येईल. एवढी एक लादी काढून टाकू, खाली सिमेंट भरू. लादी फेकून देतो की ठेवायचीये? त्याचं बोलणं बरोबर होतं. कुणीही हेच केलं असतं. त्याच्या हातात छिन्नी नव्हती, नुसता टेप होता, तरी मी पुढे होऊन त्याच्या आणि त्या लादीच्या मध्ये उभी राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्या जागेवर पाय ठेवला होता. बाहेर एवढी आग असताना लादी गार होती.

‘थांबा जरा,’ मी म्हटलं. पुढे काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. तो थांबला. खोलीत तो, मी आणि ती शांतता... आणि मला वखारीचा मालक आठवला, शेडखाली चेहरा उतरवून उभा असलेला, एक बाई काय ऐकतेय हे न कळता वाट बघणारा. मी टाइल्सवाल्याला चहा दिला, त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि परत पाठवलं.

निखिलला मी आमची पुढची खोली देतेय. तो कुरकुरला, मग कबूल झाला. मागच्या खोलीत आम्ही दोघं हललो. खाट टाकली आहे, ती भिंतीला लावून. पण दुपारी खाट तापते. त्यामुळे प्रकाश खाली आडवे होतात, खिडकीकडे डोकं करून, त्या लादीवर नाही, शेजारच्या. पहिल्या दिवशी सवयीने पेपर वाचता वाचता डोळा लागला आणि पेपर डोक्याखाली सरकला. मी तो हळूच ओढून घेतला. ते जागे झाले, काय झालं म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, वाचायचा होता.

मी अजून तिथे झोपलेले नाही. कपडे घडी करायला बसते, गोलाकडे पाठ करून. उन्हाळा वाढतो आहे तसा तो गडद होतो आहे. आणि मला वाटतं तो थोडा मोठाही झाला आहे, कडेच्या लादीच्या सांध्यापर्यंत आलाय. टाइल्सवाला गडबडीत त्याचा टेप इथेच विसरून गेला. तो खणात आहे, हाताशी. मी मोजलेलं नाही.